गोदामात राहिलेल्या आया

मी पाचवीत जाईपर्यंत एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. सिनेमे मात्र भरपूर पाहिले होते. ही करामत आमच्या बाबांची.

बाबा सरकारी कचेरीत नोकरीला. राहायला आम्ही कोथरूडला, आणि टॉकीजं सगळी गावात, म्हणजे पेठांमध्ये. बहुतेक रविवारी आम्ही चौघं एका स्कूटरवरून तीनच्या खेळाला जायचो. पुढे धाकटा भाऊ उभा, मग बाबा, मग चेपलेली मी, आणि सगळ्यात मागे एका हाताने स्टेपनी आणि दुसऱ्या हाताने पदर धरलेली आई. इथपर्यंत सगळं झकास. पण टॉकीजचा स्टँडवाला गाड्या एकमेकींना इतक्या खेटून लावायचा, की खेळ सुटल्यावर आपली गाडी बाहेर यायला पाऊण तास लागायचा. तो पाऊण तास बाबांना मंजूर नव्हता. घरी जाऊन त्यांना काही करायचं असायचं असं नाही. घरी गेल्यावर ते आरामखुर्चीत बसायचे. पण स्टँडमध्ये ताटकळायचं नाही, हे तत्त्व होतं.

म्हणून गर्दीच्या आधी उठायचं. नेमकं कधी, याचीही त्यांनी एक खूण ठरवली होती. त्या काळी सिनेमा संपत आला की खलनायक नायकाच्या आईला पळवून नेऊन एखाद्या गोदामात खांबाला बांधायचाच. दोरीची पहिली गाठ बसली की बाबा उभे राहायचे.

"चला, बांधली!"

"अहो, सुटू तरी द्या बिचारीला," आई म्हणायची.

"सुटणार आहे. पोलीस येणार, त्याला धरणार, मग सगळे एका रांगेत उभे राहून हसणार. त्यात बघायचं काय? आपली गाडी मधल्या रांगेत आहे."

मग मी लोकांच्या पायांवर पाय देत, मान मागे वळवून, पडद्याकडे बघत बघत दारापर्यंत जायचे. दार बंद व्हायचं. माझ्या बालपणीच्या कितीतरी आया अजून त्या गोदामांत बांधलेल्या आहेत. त्यांची काही चूक नव्हती. आमची गाडी मधल्या रांगेत होती.

पण शाळेत सोमवारी मधल्या सुट्टीत सिनेमा सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि गोष्ट अर्धी सोडली तर मुली सोडतात होय? मी मग शेवट स्वतःच करायचे. आणि करायचे म्हणजे नुसता सांगायचे नाही. वेणीची रिबीन सोडून स्वतःला खिडकीच्या गजाला बांधून घ्यायचे, फूटपट्टीचं पिस्तूल करायचे, मरायचे, पुन्हा उठायचे. माझ्या शेवटात आई दातांनी दोर कुरतडायची, खलनायकाला उकळत्या साबणाच्या कढईत ढकलायची आणि स्वतः ट्रक चालवत घरी येऊन कुकर लावायची. मुली डबा खायचं विसरायच्या. काहींचा डबा मीच खायचे.

सगळं सुखात चाललं होतं. पण वर्गात एक मुलगी शनिवार पेठेतली होती. तिच्या घरापासून टॉकीज चालत पाच मिनिटांवर. गाडी नाही, स्टँड नाही, घाई नाही. आणि कोथरूड म्हणजे तिच्या लेखी शिकारीला जायची जागा. एका सोमवारी तिने हाताची घडी घालून माझा शेवट पूर्ण ऐकून घेतला आणि शांतपणे म्हणाली,

"हा सिनेमा मी काल पाहिला. साबणाची कढई नाहीये त्यात."

"आमच्याकडे दाखवतात त्यात असते," मी म्हणाले.

"कोथरूडला टॉकीज आहे?"

ती पुढे म्हणाली, "येत्या शुक्रवारी नवीन लागतोय. रविवारी तूही बघ, मीही बघते. सोमवारी शेवट सांग. चुकलीस, तर यापुढे गोष्ट मी सांगणार."

तिची गोष्ट मी एकदा ऐकली होती. हजेरी घेतल्यासारखी सांगायची. आणि त्या खिडकीपाशी उभं राहायला मिळालं नसतं, तर मला शाळेत जाण्याचं दुसरं काही कारण उरलं नसतं.

रविवारी दुपारी मी बाबांना म्हटलं, "बाबा, आज शेवट बघायचा का?"

"का? आज काय वेगळं होणार आहे?"

संपला विषय. टॉकीजमध्ये बाबा नेहमीप्रमाणे चपला काढून खुर्चीवर मांडी घालून बसले. त्यांच्या चपला खाली, माझ्या पायाशी. आणि टॉकीजची जमीन, तुम्हाला आठवत असेल, पडद्याच्या दिशेने उतरती. मी सिनेमा बघत होते, पण माझा उजवा पाय विचार करत होता. पडद्यावर गुंडांची गाडी नायकाच्या घराशी थांबली, तशी मी बाबांची एक चप्पल हलकेच पुढे सरकवली आणि मग दिली एक सणसणीत. ती खुर्च्यांखालून सळसळत गेली. भावाने ते पाहिलं. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुढचं अख्खं वर्ष काही बोलला नाही.

"चला, बांधली!" बाबा उठले. एक पाय चपलेत गेला. दुसरा जमिनीवर चाचपडत राहिला. "माझी चप्पल कुठंय?"

"ओ काका, खाली बसा," मागून आवाज आला. "आम्ही तुमची पाठ बघायला तिकिटं काढलीत का?"

"अहो, माझी चप्पल सापडत नाहीये."

"मग? सिनेमा संपेपर्यंत ती गावाला जाणार आहे का?"

आईची नजर पडद्यावरून हलली नाही. ती नुसती म्हणाली, "बसा हो. अनवाणी पायाने किक मारणार आहात का?"

बाबा बसले. लग्नानंतर प्रथमच, असं आई पुढे सांगायची.

आणि मी पाहिला. आयुष्यातला पहिला शेवट! पोलीस आले. त्याला धरला. आईला सोडवलं. सगळे एका रांगेत उभे राहून हसले. बाबा सांगायचे अगदी तस्संच, एक गोष्टही इकडची तिकडे नाही. मला फसवल्यासारखं झालं. बाबांकडे पाहिलं, तर ते रुमालाने चष्मा पुसत होते. मग डोळे पुसले. मग पुन्हा चष्मा. चप्पल चार रांगा पुढे एका आजोबांनी काढून दिली, आणि स्टँडमध्ये पाऊण तास उभं राहूनही बाबांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

सोमवारी खिडकीपाशी उभं राहून मी शेवट सांगितला. खरा. पेठेतली ती मुलगी बाईंनी वही तपासावी तशी वाक्यावाक्याला मान डोलवत होती.

"बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. जरा नाइलाजानेच.

मी जिंकले होते. पण बाकीच्या मुलींचे चेहरे पडलेले.

"एवढंच?" एकीने विचारलं. दुसरीने डबा उघडला. माझ्यासमोर, माझ्या गोष्टीत, डबा!

"एवढंच कसं असेल?" मी म्हणाले. "पोलीस त्याला घेऊन गेले, असं सगळ्यांना वाटलं. पण जीप चालवणारा हवालदार मुळात हवालदारच नव्हता."

बोलून गेले आणि भीतभीत पेठेतल्या त्या मुलीकडे पाहिलं. तिने कालच पूर्ण सिनेमा बघितला होता. तो हवालदार हवालदारच होता, हे त्या वर्गात मी सोडून फक्त तिला माहीत होतं. एक शब्द बोलली असती, तर माझा कारभार तिथेच आटोपला असता.

ती बाकावर जरा पुढे सरकली. शेजारणीला कोपराने गप्प केलं.

"मग?" ती म्हणाली.