उलगडून न पाहिलेलं जाळं

पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. धरणाच्या फुगवट्याकाठी मी जीप उभी करतो आणि काचा वर घेतो. उजाडायला अजून तासभर आहे. मार्चचा शेवटचा आठवडा आहे. हिवाळ्यात आलेले पट्टकदंब हंस याच दिवसांत उत्तरेला परत निघतात, आणि निघण्याआधी त्यांची मोजणी होते. मांडीवर वही आहे, वहीत पेन्सिल.

मोजणीला दोन माणसं लागतात. एक दुर्बिणीतून बघतो आणि आकडा बोलतो, दुसरा लिहितो. लिहिणाऱ्यानं मान वर करायची नाही. त्यानं पाहिलं की त्याचा अंदाज बघणाऱ्याच्या आकड्यात मिसळतो. नऊ वर्षं बघणारा होता भानुदास मल्लाव, इथला नावाडी. लिहिणारा मी, तालुक्याचा बातमीदार. गेल्या वर्षी याच आठवड्यात भानुदास या पाण्यात मेला. यंदा मी एकटा आहे.

थोडा वेळ डोळे मिटतो. पाणी जीपच्या दारापर्यंत आल्यासारखं वाटतं. मग आत येतं. थंड नाही.

"मान खाली, पेपरवाले."

मी नावेत आहे. भानुदास पुढे बसला आहे, पाठ माझ्याकडे. सदरा अंगाला चिकटलेला.

"बेचाळीस. लिव्हा."

मी लिहितो. "बेचाळीस."

"त्या अंगाला सतरा. न्हाई, अठरा. एक झोपलाय, मुंडकं पंखात घालून."

"अठरा."

"सगुणा काय म्हणती?"

सगुणाबाई त्याची बायको. काल संध्याकाळी मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, मोजायला या, पाणी काय आमच्या बापाचं नाही, पण आमच्या दारात येऊ नका.

"बऱ्या आहेत," मी म्हणतो.

"खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक व्हतो," भानुदास म्हणतो. "नाव कोण चालवतंय आता? आमचा संभा?"

संभा त्याचा धाकटा भाऊ. गावाच्या समितीनं त्याची नाव पर्यटकांना फिरवायच्या होड्यांच्या यादीतून काढली. पक्षी मारणाऱ्याच्या घरातली नाव नको, असं ठरलं. ठरवताना माझी बातमी वाचून दाखवली होती.

"संभा वीटभट्टीवर जातो," मी सांगतो.

वल्हं पाण्यातून वर येतं, त्याला पाण्याचा थेंबही नसतो.

मी पान उलटतो. नाव टेबलांच्या मधून चालली आहे. पेपरच्या कचेरीतल्या ट्यूबलाइट जळताहेत, खुर्च्यांच्या पायांशी पाणी आहे, भिंतीवर साडेसात वाजलेत. आठला पान छपाईला सुटायचं आहे. फोनमधून फौजदार बोलतोय, गेल्या वर्षीच्याच संथ आवाजात. इसम पक्षी धरायला जाळं लावत होता. पाय गुंतला, तोल गेला. अकस्मात मृत्यू. पंचनाम्यात जाळं अखंड. घ्या लिहून.

मी लिहून घेतो. मान खाली.

भानुदास माझ्या खांद्याशी उभा आहे. त्याच्या कोपरातून पाणी कागदावर ठिबकतं, अक्षरं मात्र फुटत नाहीत.

"सहाच वळी?"

"जागा तेवढीच होती."

"हंस आले तवा अर्धं पान दिलंतं. फोटूसकट." तो हसतो. "मी काय, हितलाच. हिमालयावरनं आलो असतो तर दोन वळी वाढल्या असत्या."

"भाऊ, ते जाळं तुम्ही लावलं होतं का?"

"तुम्ही छापलंय न्हवं? मग तसंच असंल."

"मला खरं सांगा."

"तुम्हाला ठावं न्हवतं?"

ठाऊक होतं. नऊ वर्षांत मी त्याला तीनदा धरणातल्या बेटावरची शिकाऱ्यांची चोरजाळी कापताना पाहिलं होतं. खिशात तो लाकडी मुठीची पाती ठेवायचा, मासे साफ करायची. ती पाती प्रेताजवळ मिळाली नाही. पण त्या संध्याकाळी माझ्याकडे पोलिसांचं वाक्य होतं, आणि माझ्या आठवणीला आधार नव्हता.

फरशी पांढरी आहे. भिंतीला टाइल्स, मधे सिमेंटचा ओटा, त्याला पाणी वाहून जायची खाच. मी इथे येऊन गेलो आहे, ग्रामीण रुग्णालयाच्या मागची शवविच्छेदनाची खोली. ओट्यावर भानुदास नाही. जाळ्याचं बोचकं आहे, निळ्या नायलॉनचं, चिखलानं माखलेलं. ओट्याखाली हंस फिरताहेत. त्यांच्या पायांचा ओला आवाज येतो. एकही ओरडत नाही.

"हे उलगडलं कुणी?" भानुदास विचारतो. तो दारात आहे.

"पंचनामा झाला होता."

"मी पंचनाम्याचं न्हाई इचारलं."

"कुणी नाही," मी म्हणतो. "मी विचारलं नव्हतं, उलगडून पाहिलं का म्हणून."

"तुमचं काय चुकलं त्यात. तुम्ही लिव्हणारे. बघायचं काम दुसऱ्याचं."

मी बोचक्यात हात घालतो. ते गरम आहे. आत काहीतरी एकदा आखडतं आणि सैल पडतं. मी हात बाहेर काढू पाहतो, निघत नाही. बोटांत दोऱ्या रुततात.

"भाऊ, कापा हे."

"पाती कुठाय माझ्याकडं? तळाला गेली."

हंस एकदम उठतात. खोली पंखांनी भरते, मग खोली नाही, नुसते पंख आणि करड्या उजेडात काळं पाणी.

"किती?" मी ओरडतो. "भाऊ, किती?"

"मोजा तुम्ही."

मी मान वर करतो. नावेत पुढे कुणी नाही.

सहा वाजून पंचवीस मिनिटं. मी जीपमध्ये आहे, काचा बंद. बेटावरून हंस उठले आहेत. वेडीवाकडी लांब ओळ, तोंड उत्तरेला. दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत ती टेकडीमागे जाते. यंदाचा आकडा नाही.

वही उघडतो. पानांत निळ्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा आहे, चार बोटं लांब. ओला. गाठी शाबूत आहेत, आणि दोऱ्यांची सगळी टोकं सरळ कापलेली. तुटलेलं नायलॉन असं दिसत नाही, ते ताणून केसासारखं बारीक होतं. जीपची दारं मी तपासली. आतून लावलेली आहेत. हा तुकडा आधीपासून वहीत होता का, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. ही वही मी गेल्या मोजणीनंतर उघडली नव्हती.

सात वाजून पाच मिनिटांनी पोलीस ठाण्यात फोन केला. ड्यूटीवरच्या हवालदारांना प्रकरण आठवलं.

"त्या नावाड्याचं? त्याचं काय आता?"

"जाळं मुद्देमालात जमा आहे ना? मला ते उलगडून बघायचंय, कुठे कापलेलं आहे का ते."

"वर्षानं?"

"हो."

"फौजदारसाहेब बदलून गेले. मुद्देमालाची खोली अकराला उघडते. अर्ज आणा. आणि ते असेलच असं नाही हां, पावसाळ्यात खोलीत पाणी शिरलं होतं."

अर्ज वहीच्याच पानावर लिहिला आहे. सगुणाबाईंना फोन केला नाही. सांगण्यासारखं अजून काही हातात नाही. आता आठ वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. तुकडा डॅशबोर्डवर उन्हात ठेवला आहे. अजून वाळलेला नाही.