अर्धी बी

माझ्या ताईला तिच्या प्रयोगशाळेत सगळे ब्लेडबाई म्हणतात. नाव ऐकून कुणी घाबरू नये. ती फक्त बिया कापते. सूर्यफुलाच्या जनुकांत फेरफार करून हृदयाला मानवेल असं तेल मिळवायची तिथे खटपट चालू आहे. ताई प्रत्येक बी सोलते आणि मधोमध कापते. कोंबाकडची अर्धी कुंडीत जाते, उरलेली तेलाच्या तपासणीला. हाताला सवय इतकी जडलीय, की घरी काकडी चिरतानाही ती टोक जपून बाजूला ठेवते.

तिथली शिस्त कडक. घरी निघताना खिसे आणि बाह्या उलट्या करून झटकायच्या, बीचा कणही बाहेर जाता कामा नये. कुणी विसरलं तर ताई त्याची बिनपाण्याने हजामत करते.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, या तेलाची आस लागली होती. सगळा जन्म तेलाच्या गिरणीत गेला, आणि हृदयाच्या ऑपरेशननंतर नशिबी आला उकडलेला भोपळा. ताई कामावरून आली की रोज एकच प्रश्न, "आलं का गं तुमचं तेल?"

"अजून खायला परवानगी नाही, अण्णा. बरीच वर्षं लागतील."

"तोवर मी असेन का? एकदाच काहीतरी तळून घाल गं."

यावर ताई त्यांच्या पानात भोपळा वाढायची.

परवा तिने घरी येऊन स्वेटर काढला, आणि दुमडलेल्या बाहीतून अर्धी बी टेबलावर पडली. खुद्द ब्लेडबाईंच्या बाहीतून. मला चेष्टा करायची होती, पण तिचा चेहरा पाहून गिळली. आता ती बी परत नेऊन चूक कबूल करणं आलं. ती डबी आणायला आत गेली.

बाहेर येते तो अण्णांनी बी डाव्या अंगठ्याच्या नखाखाली चिरडली होती. गिरणीत ते माल असाच बघायचे.

"अण्णा, ती परत द्यायची होती."

"चोथा दे की. नाहीतरी तळायला कमीच पडली असती."

ताई हसली नाही. चोथा डबीत भरून म्हणाली, "हात धुवा." मग अण्णांकडे बघून हळूच म्हणाली, "बरं, राहू द्या. चाटू मात्र नका."

त्यांनी अंगठा चाटला नाही. उजव्या हाताने भोपळा खाल्ला, आणि जेवण होईपर्यंत तो तेलकट डावा अंगठा नाकाशी धरून ठेवला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांनी भोपळा पुन्हा मागून घेतला.