मामांचं नाक आणि मागची सीट

परदेशात नवीन आलेला आपला माणूस आधी भाड्याचं घर शोधतो आणि मग नाकमामांना फोन करतो. तोवर त्याला कळून चुकलेलं असतं की इथे गाडीवाचून पान हलत नाही, आणि कोरी गाडी घ्यायची तर खिशात तेवढा दम नाही. उरतात त्या वापरलेल्या, नाहीतर विमा कंपनीने निकालात काढलेल्या, ठोकलेल्या, पुरात बुडालेल्या. ठोकलेली आंधळ्यालाही कळते. बुडालेली मात्र न्हाऊनमाखून, अत्तर शिंपडून नवरीसारखी उभी असते. घरी आणल्यावर काही महिन्यांत आतल्या तारा गंजतात आणि भर रस्त्यात ती बया बसकण मारते.

अशी गाडी मामा वासावर ओळखत. ते एका मोठ्या लाँड्रीत कामाला होते. गठ्ठ्यात एक जरी चादर ओलसर राहिली तरी त्यांना ती दारातूनच कळे. तेच नाक त्यांनी गाड्यांना लावलं. आत बसायचं, काचा वर करायच्या, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा आणि बाहेर येऊन एकच शब्द बोलायचा. "घे" किंवा "चल". पैसे घेत नसत, मान मात्र पुरेपूर घेत. कुणाकडे चहाला गेले की जुन्या पराक्रमांची उजळणी होई, आणि दर खेपेला तीच गाडी आणखी खोल पाण्यातून निघे.

मग एकदा मामांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला.

हे आधी मामींना कळलं. फोनवर बोलता बोलता त्यांची भाजी करपली, आणि मामांनी ती मागून घेतली. भाजीला नाव न ठेवता मामा जेवताहेत, असं त्यांच्या संसारात कधी घडलं नव्हतं.

"अहो, वास येत नाहीये ना तुम्हाला?"

"जरा सर्दी आहे."

"सर्दी जाऊन महिना झाला."

मामा पोळीचा तुकडा मोडत बसले. "कुणाला बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तोडगा मामींनीच काढला. त्यांचंही नाक काही कमी नव्हतं. डब्यातलं पीठ जुनं झालेलं त्यांना झाकण न उघडता कळे, फक्त त्याचं कौतुक करायला कुणाला सवड झाली नव्हती. ठरलं असं, की मामी सोबत येतील आणि "पाय पुरतात का बघते" म्हणून मागच्या सीटवर बसतील. गाडी बुडालेली असेल तर एकदा खोकायचं. चांगली असेल तर गप्प राहायचं. गप्प राहण्याचा भाग मामांनी दोनदा समजावून सांगितला.

बेत झकास जमला. इतका की नाक गेल्यावर मामांचा तोरा दुप्पट झाला. पूर्वी नुसते डोळे मिटत, आता भुवया उंचावून स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरू लागले. मामी मागे बसून हे सगळं बघत, आणि वेळ झाली की खोकत.

अशात मामांची भाची आली. धाकट्या बहिणीची एकुलती एक. नर्स होती. नोकरी गावाबाहेरच्या इस्पितळात, रात्रपाळीची, आणि वाटेत कोसच्या कोस ना घर ना दिवा. बहिणीचा फोन आला. "दादा, तुझ्या भरवशावर पाठवलीय पोरीला. गाडी तेवढी नीट बघून दे."

"मी असताना तुला काळजी कसली?" मामा म्हणाले.

जुन्या गाड्यांच्या आवारात त्या दिवशी मामांचे दोन भक्तही भेटले. त्यातल्या एकाने विचारलं, "मामीसुद्धा गाड्या बघतात वाटतं?"

"छे हो, हिला काय कळतंय गाड्यांतलं? बसते आपली मागे, हवा खात."

सगळे हसले. मामी हसल्या नाहीत.

भाचीचं मन एका राखाडी गाडीवर बसलं. दिसायला देखणी आणि भावात स्वस्त. मामा पुढे बसले, मामी मागे. काचा वर गेल्या. मामांनी डोळे मिटले, भुवया उंचावल्या आणि खोकल्याची वाट बघू लागले.

खोकला आला नाही. म्हणजे गाडी चांगली. मामा उतरणार, तेवढ्यात त्यांची नजर आरशात गेली. मामी ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत होत्या. हे गप्प बसणं गाडी चांगली म्हणून होतं, की मघाचं बोलणं लागलं म्हणून?

"अगं," मामा पुटपुटले.

मामींनी मान आणखीच खिडकीकडे वळवली.

मामांनी जीव खाऊन श्वास ओढला. काही म्हणजे काही येईना. काचेपलीकडे भाची पर्स उघडून उभी होती आणि त्यांच्याकडे बघून हसत होती. मामांना तो अंधारा रस्ता दिसला, त्यावर बंद पडलेली गाडी दिसली, आणि ते मनापासून घाबरले. दार उघडून बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता.

"घेऊ ना मामा?"

"मला ठाऊक नाही," मामा म्हणाले. "माझं नाक गेलंय, पोरी. ताप आला तेव्हापासून. इतके दिवस तुझी मामी खोकत होती आणि मी बोलत होतो. तिला विचार." मग भक्तांकडे न बघता म्हणाले, "आणि मघाशी मी बोललो तो मूर्खपणा होता."

मामी सावकाश उतरल्या. "खोकणारच होते. पोरीच्या जिवाशी खेळेन होय मी? जरा बघत होते, तुम्ही किती वेळ कळ काढता ते." भाचीकडे वळून म्हणाल्या, "मागची चटई उचल."

चटईखाली वाळलेला गाळ होता, आणि त्यात एक छोटी गोगलगाय, कवचासकट. आवारवाला आभाळाकडे बघू लागला.

भाचीला पुढे दुसरी गाडी मिळाली. ती रंगाने भयाण आहे, पण रोज घरी पोचवते. फोन आता मामींना येतात. त्या पुढे बसतात, मामा मागे. काचा वर करून मामी डोळे मिटतात, लांब श्वास घेतात, आणि निकाल सांगण्याआधी भर लोकांत, न चुकता मागे वळून विचारतात, "अहो, तुम्हाला काय वाटतं?"

मामांना काहीच वाटत नसतं, हे आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिल्या खेपेला मामा ओशाळले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा प्रश्न आपण हिला आजवर एकदाही विचारला नव्हता.