सुनंदानं सांगितलेला शेवट

सुनंदा खोटारडी होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

कॉलेजला आम्ही दोघी आमच्या गोरेगावहून, मुंबईच्या नव्हे, गोंदियाला एसटीनं जायचो. लायब्ररीनं रद्दीत काढलेली एक कादंबरी आम्हाला मिळाली. पुण्यात एका खोलीत राहणाऱ्या, विशीतल्या दोन मैत्रिणींची. बायंडिंग बरोबर मधोमध उसवलेलं.

मग पहिला अर्धा भाग मी घेतला, दुसरा तिनं. वाचून झाले की बदलायचे.

"अगं, शेवट आधी कशी वाचतेस?"

"माणसं जिथं भेटली तिथून ओळख कराची. मी का त्यांच्या बारशाले जाऊ?"

भाग बदलायच्या आधीच आमचं बिनसलं.

तिला पाहायला पाहुणे आले होते. मी तिच्या शेजारी बसले होते. मुलाच्या आईनं भातलावणीचं विचारलं, "पोरीले धानाचा रोवना येते का?"

घरचे सगळे एका सुरात म्हणाले, "येते, येते."

मी खरं बोलले. "हिला? ही चिखलात पायसुद्धा टाकत नाही."

पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच.

मुलगा सुनंदाला आवडला होता. म्हणजे मुख्यतः त्याचे केस.

"तुले कोनी विचारलं होतं का?" एवढंच म्हणाली आणि बोलणं बंद.

महिनाभर बसमध्ये ती पुढच्या सीटवर, मी मागच्या. खरं बोलल्याची माफी कशाला मागायची, हा माझा ताठा.

एक दिवस ती शेजारच्या अनोळखी मावशींना कादंबरी सांगायला लागली. आवाज मात्र अख्ख्या बसला पुरेल असा.

"मंग मावशी, जिची चुकी होती ना, ते पोरगी सोताहून मैत्रिणीच्या घरी येते. लाखोरीचे वडे घेऊन. दारात उभी राहून म्हणते, चुकली मी."

"मंग वो?"

"मंग काय, जन्मभर मैत्रिणी."

"बेस झालं बाई," म्हणत मावशींनी डोळे पुसले.

मागच्या सीटवर मीही पुसले. पुण्यातल्या मुलीला आमच्याकडच्या लाखोरी डाळीचे वडे कुठून सुचले, हा प्रश्न मला पडलाच नाही.

रविवारी डबा घेऊन मी तिच्या दारात. "चुकले मी."

तिनं उभ्याउभ्या चार वडे खाल्ले.

"मीठ कमी हाय. ये अंदर."

तिच्याकडचा अर्धा भाग मागितला तर म्हणाली, "बसमधी राहून गेला."

पुढे तिचं लग्न तिरोड्याला झालं. तिरोड्याच्या पाहुण्यांनी रोवण्याचं विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले.

तिथीनं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. तिच्या नवऱ्यानं, भाऊजींनी, कपाटातून पिवळ्या पानांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला.

"ताई, हे तुमचं. मी हाय तोवर तिले देऊ नका, म्हणे."

काल वाचून संपवला.

कादंबरीत कोणी कोणाच्या दारात जात नाही. एक मैत्रीण माफीचं पत्र लिहिते आणि फाडून टाकते. दुसरी शहर सोडते. संपलं.

लेखिकेनं लिहिलंय छान, अगदी खरं. त्या वयात मैत्री अशीच सुटते, दोघींपैकी कोणीच काही न बोलल्यामुळे.

हा शेवट मी तेव्हा वाचला असता तर तिच्या घरी गेले नसते. मला माझा स्वभाव माहीत आहे.

तिलाही माहीत होता.

पुढची वीसेक वर्षं मला तिच्या थापेवर मिळाली.

सुनंदे, साफ चीटिंग केलीस.

बरं केलंस.

सुखानं जा, बाई.