रेडिओचा उरलेला शब्द

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळा रस्ता रेडिओ म्हणायचा. त्याच्याकडे रेडिओ होता म्हणून नव्हे, तो स्वतःच वाजायचा म्हणून. सकाळी शटर वर गेलं की सुरू, ते थेट शटर खाली येईपर्यंत. डॅशबोर्डखाली उताणा पडून, तोंडात टेस्टर धरूनसुद्धा तो बोलायचा. गिऱ्हाइकाला त्यातलं निम्मं कळायचं, तरी गिऱ्हाईक हसायचं. हॉर्न दुरुस्त करायला आलेला माणूस हॉर्नबरोबर शेजारच्या गल्लीतलं एखादं भांडण सविस्तर ऐकून जायचा. तोंड श्वास घ्यायलाही असतं, कधीतरी त्यासाठी वापरून बघा, असं बायको म्हणायची, आणि त्यावरही त्याच्याकडे उत्तर तयार असायचं.

मग एका सकाळी दात घासताना त्याचा उजवा हात आपोआप खाली पडला आणि तोंडातून फेसाबरोबर नुसता आवाज आला. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली होती. हॉस्पिटलातून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, एक पाय ओढत का होईना, पण हात लोंबतच राहिला आणि शब्द सगळे गेले. एक सोडून. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कुणाला आईचं नाव राहतं, कुणाला एखादी शिवी राहते, कुठला शब्द उरेल हे कुणाच्या हातात नसतं. रेडिओला उरला तो 'अर्थ'. पाणी हवं, अर्थ. डोकं दुखतंय, अर्थ. बायको जवळ येऊन बसली, तर तिचा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून, अर्थ. तिला याचं थोडं वाईटही वाटलं. संसार मी केला आणि ह्यांच्या मनात घर केलं ते वायरीने, असं ती दिराला म्हणाली, आणि हसता हसता रडली.

कारण हा अर्थ वायरमनचा होता, इंग्रजी 'अर्थिंग'मधला. गाडीत वीज बॅटरीतून एका वायरीने दिव्यापर्यंत येते आणि परत जायला तिला वाट लागते. ती वाट म्हणजे अर्थ. बहुतेक वेळा गाडीचा पत्राच ती वाट होतो; काळी वायर एखाद्या बोल्टखाली आवळली की झालं. अर्थ बघ, अर्थ सुटलाय, अर्थ गंजलाय, असं तो जन्मभर घोकत आला होता. पडझडीत तेवढाच वाचला.

बाकी आतलं सगळं जागच्या जागी होतं, हेच खरं दुःख. त्याला ऐकू यायचं, कळायचं, आठवायचं. कुठल्या गाडीत फ्यूजचा डबा कुठे लपवलाय हे त्याने झोपेतही सांगितलं असतं, सांगता आलं असतं तर. शब्द समोर दिसायचा, आणि उचलायला जावं तर हातात पुन्हा तोच एक यायचा, लिहायला गेलं तरीही. त्यात मानेनेही दगा दिला होता. हो म्हणायचं तर ती आडवी हलायची, नाही म्हणायचं तर उभी, कधी बरोबरही हलायची, त्यामुळे घरातले तिच्यावर विश्वास ठेवत नसत. लोक त्याच्याशी मोठ्याने बोलू लागले, मग सावकाश बोलू लागले, आणि शेवटी त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलू लागले.

दुकानाचे दोन भाग होते. एका बाजूला रेडिओची वायरिंग, दुसऱ्या बाजूला धाकट्या भावाचं सीट कव्हरचं मशीन. धाकट्याचा शिवणाचा हात फार साफ. पण सीट कव्हर कुणी रोज शिवून घेत नाही आणि दोन घरं त्या एका दुकानावर चालत होती, म्हणून त्याने मशीनवर कापड टाकलं आणि वायरी हातात घेतल्या. वाईट माणूस नव्हता तो, थकलेला होता. वायरीतलं त्याला जे काही येत होतं ते दादाच्या तोंडून ऐकून, आणि आता ते तोंडच बंद होतं.

रेडिओची बायको नवऱ्याला रोज दुकानात आणायची, खुर्चीवर बसवायची आणि स्वतः काउंटर सांभाळायची. धाकट्याला ते पटत नव्हतं. दादा मध्येच उठतो, गिऱ्हाइकांच्या गाड्यांना हात लावतो, लोक बिचकतात, त्याला घरीच ठेवू या, असं त्याने वहिनीला किती तरी वेळा सांगितलं होतं, तेही दादाच्या खुर्चीला टेकून उभं राहून. वहिनीचं उत्तर ठरलेलं असायचं: "त्यांना सगळं कळतं." पण अलीकडे ते म्हणताना ती रेडिओकडे बघायची, खात्री करून घ्यावी तशी. ते त्याला दिसायचं. घर म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. घर म्हणजे खिडकी, आणि बायको परत येईपर्यंत समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसणं. दुकानात निदान वायर जळाल्याचा वास यायचा आणि कुठली जळली ते त्याला त्या वासावरून कळायचं. इथून उठवलं की आपण संपलो, अशी त्याला धास्ती होती, आणि त्याला दुकानात ठेवणारं माणूस आता जगात एकच होतं.

त्या दिवशी एक टॅक्सीवाल्या बाई मोठी व्हॅन घेऊन आल्या. त्या किडनीच्या पेशंटना पहाटे हॉस्पिटलात नेत आणत. अंधारात म्हाताऱ्या माणसांना पायरी दिसत नाही, परवा एक आजी अडखळून पडता पडता राहिल्या, तर सीटखाली एलईडीची पट्टी लावून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. वेगळा खटका नको. छतातला दिवा जसा दार उघडलं की लागतो आणि लावलं की विझतो, तशीच ही पट्टी लागावी नि विझावी. धाकटा म्हणाला, होऊन जाईल.

त्याने छतातल्या दिव्याची काच काढली, टेस्टर लावून वीज असलेली वायर शोधली, तिला जोड दिला आणि नवी वायर दाराच्या रबराखालून इतक्या सफाईने खाली आणली, की रेडिओला मनातल्या मनात शाबासकी द्यावीशी वाटली. सीटखाली पट्टी चिकटवली. आणि मग पट्टीच्या काळ्या वायरीची उघडी तार सीटच्या बोल्टला गुंडाळली.

रेडिओ खुर्चीत ताठ झाला.

छतातल्या दिव्याची गंमत अशी, की त्याच्यापर्यंत वीज कायमच आलेली असते. दार उघडलं की चौकटीतलं छोटं बटण बाहेर येतं आणि दिव्याला अर्थ देतं. दार लागलं की अर्थ तोडतं. दाराच्या हातात वीज नसतेच, अर्थ असतो. म्हणून पट्टी दारावर चालवायची तर तिची काळी वायर त्या बटणाच्या वायरीला जोडायची. पत्र्यावर दिली तर तिला कायमचा अर्थ मिळाला, मग दार उघडा नाहीतर लावा, ती जळत राहणार आणि सकाळपर्यंत बॅटरी पिऊन टाकणार. नवा माणूस ही चूक एकदा तरी करतोच. रेडिओने स्वतः केली होती आणि ती गोष्ट तो रंगवून रंगवून सांगायचा.

"अर्थ," रेडिओ म्हणाला.

धाकट्याने मान वर न करता सांगितलं, "हो दादा, अर्थच दिलाय."

आता यावर काय बोलणार? नेमकी ज्या शब्दात चूक होती तोच शब्द त्याच्यापाशी होता, आणि म्हणूनच ती चूक सांगता येत नव्हती. त्यापेक्षा शिवी उरली असती तर बरं झालं असतं; धाकटा निदान दचकून थांबला असता. रेडिओ पुन्हा म्हणाला, मोठ्याने म्हणाला. बाई कौतुकाने हसल्या आणि म्हणाल्या, काम आवडलेलं दिसतंय ह्यांना.

दार लावलं. छतातला दिवा विझला, पट्टी जळतच राहिली. धाकट्याने दार आपटून पाहिलं, बटण पुसून पाहिलं, मग माल डुप्लिकेट असणार असं म्हणत दुसरी पट्टी लावली. तीही जळतच राहिली. बाईंसाठी चहा आला. या दुकानात गिऱ्हाइकाला चहा आला म्हणजे काम अडलंय असं समजायचं, ही रेडिओनेच घातलेली पद्धत होती.

रेडिओ उठला, पाय ओढत व्हॅनपाशी गेला आणि डाव्या अंगठ्याने चौकटीतलं बटण दाबलं. छतातला दिवा विझला. सोडलं, लागला. मग त्याने पट्टीकडे बोट केलं. हा विझतो, ती विझत नाही. हा इथून अर्थ घेतो, ती घेत नाही. त्याच्या मते याहून सोपं करून कुणालाच सांगता आलं नसतं.

"ते मलाही दिसतंय, दादा," धाकटा म्हणाला. "खेळू नकोस तू."

मग रेडिओने काउंटरवरचं पेन उचललं आणि पट्टीच्या रिकाम्या खोक्यावर डाव्या हाताने एक दार काढलं. दार कसलं, वाकडी चौकट. त्यापुढे वायर काढायची होती, पण बायको तोवर शेजारी आली होती. तिने दार ओळखलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, जायचंय का? त्याने मान हलवली, मान कुठल्या तरी दिशेला गेली, आणि तिने त्याचा दंड धरून त्याला मागच्या संडासात नेलं. आत उभा राहून तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. त्याला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि राग कुणावर धरावा तेच कळत नव्हतं. ती बाहेरून विचारत होती, झालं का. तो बाहेर आला.

तो खुर्चीकडे गेलाच नाही, सरळ व्हॅनमध्ये चढला. दोन सीटांच्या मध्ये कसाबसा गुडघ्यांवर बसला, सीटखाली हात घातला, बोल्टला गुंडाळलेली तार बोटांत धरली आणि ओढली. तार निघाली. पट्टी विझली.

झालं होतं काम, अर्धं. आता ही तार नुसती बटणाच्या वायरीपर्यंत न्यायची होती, हातभर अंतर. तार चिमटीत धरून तो दाराकडे सरकू लागला, पण एका हाताने तार धरायची की तोल सांभाळायचा? तो कुशीवर कलंडला आणि सीटच्या दांड्यात अडकला. धाकट्याने धावत येऊन त्याला काखेत हात घालून उपसून काढलं आणि त्याच्या बोटांतून तार सोडवून घेतली. त्याने ती सोडली नाही तेव्हा एकेक बोट उघडून घेतली.

"तोडलंस ना शेवटी," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, रडवेला होता. मग त्याने वहिनीकडे पाहिलं. "वहिनी, बास झालं आता. उद्यापासून नको. एखाद दिवशी काहीतरी पेटवून ठेवेल तो."

रेडिओही बायकोकडे बघत होता. तिच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होता. तिने त्याच्या शर्टावरची धूळ झटकली, कॉलर सरळ केली, त्याला खुर्चीवर बसवलं. वाक्य आलं नाही.

शेवटी धाकट्याने पुलापलीकडच्या वायरमनला फोन लावला. हा गृहस्थ रेडिओचा जुना स्पर्धक. त्याने जोडलेली वायर फुंकर मारली तरी सुटते, असं रेडिओ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्या स्पर्धकाने ऐकून घेतलं आणि हसून सांगितलं, अरे, पत्र्यावरचा अर्थ काढ, दाराच्या बटणावरून घे. फोन ठेवेपर्यंत धाकट्याचा हात सीटखाली गेलेला होता.

दार उघडलं, पट्टी लागली. दार लावलं, विझली. बाईंनी पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. धाकटा घामाने निथळत होता, पण खूश होता, आणि खुशीत त्याला पहिली आठवण झाली ती भावाची. तो तडक खुर्चीपाशी आला, उकिडवा बसला, दादाच्या लोंबत्या हातावर हात ठेवला आणि मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगू लागला.

"दादा, पट्टीचा अर्थ पत्र्यावर द्यायचा नसतो. दाराच्या बटणावर द्यायचा असतो. कळलं का?"

त्याच्या डोळ्यांत निखळ माया होती. तीच सहन होत नव्हती. रेडिओला वाटलं त्याच्या एक थोबाडीत द्यावी, आणि त्याच वेळी वाटलं त्याला जवळ ओढून घ्यावं, बिचारा सकाळपासून राबतोय. मी हेच सांगत होतो रे. बटण दाबून सांगितलं, चित्र काढून सांगितलं, तार हातात घेऊन निघालो होतो. हे सगळं वाक्यच्या वाक्य त्याच्या आत तयार होतं, स्वल्पविरामासकट. त्याने धाकट्याला सोडलं आणि बायकोकडे वळला, कारण आता तिलाच कळायला हवं होतं.

"अर्थ," तो म्हणाला. बोट व्हॅनच्या दाराकडे होतं. "अर्थ. अर्थ."

बायको त्या बोटाकडे बघत राहिली. मग दाराकडे, मग चौकटीतल्या बटणाकडे. तिच्या कपाळावर एक आठी उमटली. आता कळेल, रेडिओला वाटलं, आता.

तेवढ्यात बाईंनी किल्ली हातात घेत विचारलं, "काय म्हणतायत हो ते?"

परक्या माणसासमोर बायको ओशाळली. कपाळावरची आठी गेली. तिने नवऱ्याचं वर केलेलं बोट हलकेच मुठीत घेतलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "तेवढा एकच शब्द राहिलाय त्यांच्याकडे, त्याला काही अर्थ नसतो. उद्यापासून घरीच असतील ते."