मास्तरांवरचा इटालियन निबंध

आमच्या घरात खोटं बोलायची सुरुवात नेहमी फॉर्म भरताना व्हायची. वडील कोराडीच्या वीज केंद्रात हेडक्लार्क, त्यामुळे फॉर्म या वस्तूवर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. इटलीतल्या संगीत विद्यालयाचा फॉर्म आला तेव्हा मी वीसेक वर्षांचा होतो आणि क्लॅरोनेट बरी वाजवत होतो. 'आधीचे शिक्षक' या रकान्यापाशी वडिलांचं पेन अडलं.

कारण माझे शिक्षक नागपूरच्या गांधीबागेतले बँडमास्तर. लग्नाचा बँड. भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, लाल कोट घालून वरातीपुढे चालणारे. पोलीस बँडातल्या एका हवालदाराजवळ ते नोटेशन शिकले होते आणि तेच त्यांनी मला सहा वर्षं शिकवलं.

"वरातीतला मास्तर आहे म्हणून लिहू काय?" वडील म्हणाले. "हासतील ना तुले. शिष्यवृत्ती गेलीच समज." आणि सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं: संगीताचे प्राध्यापक. मीही खाली सही ठोकली. मला जायचं होतं हो. कोराडीच्या राखेतून उठून कुठंही.

पण तिथं पोचल्यावर परदेशी विद्यार्थ्यांना इटालियनची तोंडी परीक्षा होती. नापास झालं की परत घरी. म्हणून निघायच्या आधी, नागपुरातच, रोममध्ये बरीच वर्षं काढलेल्या एका म्हाताऱ्या पाद्र्यांकडे शिकवणी लावली. माणूस अगदी भोळा. 'तुमचे गुरू' हा प्रश्न हमखास येतो म्हणाले, आणि फॉर्म वाचून एकेक विचारत गेले. गुरू उंच आहेत? हो. केस पांढरे? हो. घरी पियानो असेल? हो हो, आहे ना. झाला निबंध तयार. खरं तर मास्तर माझ्या खांद्यालाही लागत नव्हते, आणि केसांना दर पंधरा दिवसांनी मेंदी. पाच महिने मी तो निबंध कोराडीच्या बसमध्ये पुटपुटत होतो. कंडक्टरला वाटायचं, पोरगा मंत्र म्हणून राहिला.

परीक्षेला टेबलामागे तिघं. मधल्या बाई चष्मेवाल्या. त्यांनी गाव विचारलं, तर मी अस्सल नागपूरकरासारखा संत्र्यांवर घसरलो. बाई म्हणाल्या, संत्री आमच्याकडेही पुष्कळ होतात. संपलं नागपूर. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला संगीत कोणी शिकवलं?

'माझे गुरू' म्हटलं मात्र, उजवा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. ही मास्तरांची शिस्त. गुरूचा उल्लेख तोंडात आला की पाळी धरायची. विसरलो की ते हातातली क्लॅरोनेट हिसकून घेत. बाईंना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी प्रश्न मोठ्यानं विचारला. मी पुन्हा 'माझे गुरू', पुन्हा कान. तिसऱ्या वेळी तर त्या उभं राहून ओरडल्या. शेजारचे दोघं कुजबुजायला लागले. बहिऱ्याला संगीत शिकवायचं कसं, ही त्यांची चिंता समजायला इटालियन यायची गरज नव्हती.

शेवटी मी तोडक्यामोडक्या वाक्यांत सांगितलं, आमच्यात गुरूचं नाव घेताना कान धरतात, मान म्हणून. तिघंही पार विरघळले. बाई म्हणाल्या, अशा गुरूंबद्दल सावकाश सांगा, आम्हाला ऐकायचंय.

याहून सोपी संधी देवानंही दिली नसती. लग्नात बँड वाजवतात, एवढंच सांगायचं होतं. पण टेबलावर माझा फॉर्म पडला होता, वडिलांच्या सुवाच्य अक्षरातला. मी कान धरला आणि ते उंच, पांढऱ्या केसांचे, पियानोवाले गुरू धडाधडा म्हणून टाकले. पास झालो. वर निर्लज्जपणा असा की मास्तरांना पत्र लिहिलं: परीक्षेत तुमच्याबद्दलच विचारलं.

दोन वर्षांनी परत आलो. मास्तर बँडच्या दुकानाच्या पायरीवर पितळी कॉर्नेट घासत बसले होते. मागं भिंतीवर माझं पत्र, काचेच्या फ्रेममध्ये. कापडवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्या गांधीबागेला ते वाचून दाखवून झालं होतं.

"आला का गा?" म्हणाले, आणि आतल्या सगळ्या वादकांना बाहेर बोलावून बसवलं. "म्हण आता. मायाबद्दल तिथं का बोल्ला, तसंच्या तसं म्हण. त्यायच्याच भाषेत."

काय करणार? तोच निबंध म्हटला. कान धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मास्तर डोळे मिटून ऐकत होते, नवीन चाल पहिल्यांदा ऐकताना बसायचे तसे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी नाही वाजवल्या.

"बँडले का म्हणतात गा तिकडं?"

"बांदा."

"बांदा," त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "हे तं कुठीच आईकू नाही आलं मले."

मला वर बघवेना. सहा वर्षं ज्यांनी माझा कान तयार केला त्यांचा स्वतःचा कान किती पक्का आहे, हे मी अक्कल गहाण ठेवून विसरलो होतो. हात अजून पाळीवरच होता.

"सोड गा आता तो कान," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा कॉर्नेट घासायला लागले.