निवल्यावरचं माप

आमच्या कारखान्यात मोबाईल आत नेता येत नाही. फाटकाशेजारी कप्पे आहेत, सकाळी त्यात ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बघायचा. त्या दुपारी बघितला तर मामीचे नऊ मिस कॉल. दिगंबरमामा सकाळीच गेले होते, तिकडे खामगावला. लेथवर उभे असताना छातीत कळ आली म्हणे... सुट्टीच्या कागदावर सही मिळेपर्यंत चार वाजले, आणि हैदराबादहून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. रडू आलंच, पण त्याच्याआधी भीती वाटली, आणि ती कसली हे सांगितल्याशिवाय मला मामांविषयी लिहिता येणार नाही.

मामा माझे नात्याने कोणी नव्हते, अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. चिखलीकडच्या आमच्या गावात आठवीनंतर माझी शाळा सुटली, काही वर्षं खामगावच्या जिनिंगात कापसाच्या गाठी ओढल्या, आणि चांगला बाप्या झाल्यावर मामांच्या वर्कशॉपला लागलो. जिनिंगच्या यंत्रांचे भाग ते लेथवर कातून द्यायचे. पहिल्याच महिन्यात मी एक शाफ्ट कातला, मशीनवरून काढला तसाच मोजला, माप बरोब्बर आलं, देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी परत आला, ढिला. कातताना धातू तापतो, तापला की फुगतो आणि निवल्यावर केसभर आखडतो, हे मला कुठं ठाऊक. मामा ओरडले नाहीत. शाफ्ट माझ्या हातात ठेवून म्हणाले, "गज्या, इतकी काय घाई होती बे? तुही बारात चालली होती काय? आधी चहा पेत जा, मंग मोजत जा." खिडकीपाशी एक फळी होती, तिच्यावर माल निवत ठेवायचा, मग मोजायचा, आणि मोजणाऱ्याने त्यावर खडूने स्वतःचं नाव घालायचं. एवढ्या शिकवणीवर मी आज परमुलखात दोन लेकरांचं घर चालवतो.

रॉकेट सुटायचं त्या दिवशी मामा लेथ बंद ठेवायचे. शेजारच्या पानटपरीवरच्या टीव्हीसमोर उभे राहून उलटी मोजणी मोठ्याने म्हणायचे, लोक हसायचे. म्हणून खाजगी रॉकेटचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मला काम लागलं तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त फुशारले. मात्र दर फोनला त्यांचा एक प्रश्न असायचा, की हे सरकारचं आहे का कंपनीचं. मी म्हणायचो, मामा, आता दोन्ही एकच झालंय.

मामा जायच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. मंत्री येणार होते, रॉकेटशेजारी उभं राहून फोटो निघणार होता, तारीख ठरली होती. त्यासाठी सहा रिंगा हव्या होत्या. शेवटची रिंग उतरली तेव्हा सहाही हाताला चांगल्या ऊन लागत होत्या. साहेब म्हणाले, मोज आणि सही कर, गोदामाची गाडी उभी आहे. मी मोजल्या, बरोबर आल्या, सही केली. पेटी गोदामात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनाला चैन पडेना म्हणून गोदामवाल्याला विनवून पेटी उघडवली, आणि पुन्हा मोजल्या तर सहाही बारीक. साहेबांना सांगितलं. त्यांनी माझी फाईल उघडून माझं शिक्षण किती ते मलाच वाचून दाखवलं.

रविवारी मामांना फोन केला. काम बाहेर सांगायचं नाही असा कागद आमच्याकडून लिहून घेतलेला आहे, तरी सांगितलं. त्यांनी विचारलं, त्यात माणसं बसणार का. मी म्हटलं नाही, उपग्रह आहे, शेतांचे फोटो काढणारा, एका विम्याच्या कंपनीसाठी.

"म्हंजे फोटो आपल्या वावराचा, अन् तो पाहाचा त्याहिनं?" मामा हसले, मग खाकरले. "पहिले रॉकेट पडलं तं पेपरात याचं. आपलं होतं ना ते, म्हून सांगा लागे. आता पडलं तं कोनाले सांगतीन?" आणि मग, "गज्या, कागदावर सही कोनाची हाये?"

मी म्हणालो, "दुसऱ्या एकाची."

ते आमचं शेवटचं बोलणं. मामा गेल्याचं कळलं तेव्हा आधी भीती वाटली ती याचीच, की हे खोटं आता त्यांच्यापाशी कबूल करता येणार नाही.

तेरवीच्या दिवशी मी वर्कशॉप उघडलं. फळीवर चार पिना होत्या, मामांनी शेवटच्या सकाळी कातलेल्या. न मोजलेल्या, नाव न घातलेल्या. मी मोजल्या. तीन चोख, चौथी बारीक. खुद्द मामांच्या हातची... मामी दारात उभी होती. म्हणाली, देऊन टाक, गेलेल्या माणसाले कोन बोलते. मी तीनच पिनांवर नाव घातलं, माझं, आणि चौथी वेगळी ठेवली. नाव घालताना खडू दोनदा मोडला. मामांची एक पिन अडवली तर आपल्या सहा रिंगांचं काय, हे मला तिथंच कळलं होतं.

परत आलो. मंत्र्यांचा दौरा पुढे गेला होता, पेटी गोदामातच होती. मी सहाही रिंगा परत मोजल्या, नवा कागद भरला, खाली पूर्ण नाव लिहिलं आणि जुनी सही माझीच हेही लिहिलं. त्याच दिवशी मला फाटकाजवळच्या खोलीत बसवलं. पुन्हा मोजायला कोणी सांगितलं, बाहेर कुणाशी बोललास, असं कंपनीच्या सुरक्षेचे दोघं जण आळीपाळीने विचारत राहिले. माझ्या तोंडून निघून गेलं, दिगंबरमामांनी. त्यांनी नाव लिहून घेतलं, नंबर मागितला, मी दिला. ते आता नाहीत हे सांगायचं धैर्य झालं नाही, का सांगावंसं वाटलं नाही, कोण जाणे. मला घरी बस म्हणालेत, बोलावू म्हणालेत. बायको विचारते, मी काहीबाही सांगतो. दारावर टकटक झाली की आधी खिडकीतून बघतो.

मामांचा मोबाईल मामीने बंद केलेला नाही. चार्ज करून वर्कशॉपच्या फळीवर ठेवते, गिऱ्हाइकांचे फोन येतात, उचलते. काल तिला फोनवर सगळं सांगितलं. म्हटलं, मामी, कंपनीचा फोन आला तर घाबरू नको, मामा गेले एवढंच सांग.

"येऊ दे ना फोन," ती म्हणाली. "मीच इचारीन त्याहिले, माप कोनं घेतलं म्हून."